अडीच बाय दीड फुटांच्या टेबलासाठी मॉनिटर

ऑगस्ट २०२५च्या मध्यावर ऑफिसची मेल आली. घरून काम करणाऱ्यांना साहित्यखरेदीसाठी, जीएसटी धरून, दहा हजार रुपयांपर्यंतची भरपाई मिळणार होती. बिल कर्मचाऱ्याच्या नावावर हवं, पैसे त्याच्याच खात्यातून गेलेले हवेत आणि क्लेम ३० सप्टेंबरच्या आत पोर्टलवर चढवायला हवा. मी मुद्रितशोधन करते. एकीकडे मजकुराची वर्ड फाइल, दुसरीकडे लावलेल्या पानांची पीडीएफ, असा माझा दिवस जातो आणि तो सगळा १४ इंची लॅपटॉपवर. संध्याकाळपर्यंत मान इतकी धरायची की कोणी मागून हाक मारली तर अख्खी वळायचे. त्यामुळे काय घ्यायचं हे लगेच ठरलं. तो मॉनिटर ठेवायचा कुठे, हे ठरायला सप्टेंबर उजाडला.

डोंबिवलीतलं आमचं घर भाड्याचं. कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या खाचेत माझं टेबल आहे, अडीच फूट रुंद आणि दीड फूट खोल. सुताराने मापानेच करून दिलंय, त्यामुळे डावीउजवीकडे बोटभरही सरकत नाही. भिंतीला भोकं पाडायची नाहीत असं करारातच कलम आहे. नेटवरचे बहुतेक सल्ले चारपाच फुटी टेबल गृहीत धरून २४ की २७ हा वाद घालत बसतात. अडीच फूटवाल्यांना कोणी विचारत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं काम टेपचं. मॉनिटरचे इंच तिरके मोजलेले असतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. टेबलाला त्याचा काही उपयोग नाही. नेहमीच्या १६:९ पडद्याची रुंदी हवी असेल तर इंचांच्या आकड्याला ०.८७ने गुणायचं आणि उंचीसाठी ०.४९ने. उत्तर इंचांत येतं, सेंटिमीटरसाठी ते पुन्हा २.५४ने गुणायचं. म्हणजे २१.५ इंची पडदा (दुकानात याला बावीसच म्हणतात) सुमारे ४७.६ सेंटिमीटर रुंद आणि २६.८ उंच. २३.८ इंची, म्हणजे दुकानातला चोवीस, ५२.७ रुंद. सत्तावीस जवळपास ६०. वर कडेच्या पट्ट्यांचा एखाद सेंटिमीटर धरायचा. माझं टेबल ७६ सेंटिमीटर, त्यातले ३२ लॅपटॉपचे. राहिले ४४. बावीस इंचीसुद्धा शेजारी मावत नव्हता.

खोलीचा हिशोब त्याहून वाईट निघाला. कंपनीच्या पानावर मापं दोन प्रकारे दिलेली असतात, स्टँडसकट आणि स्टँडशिवाय. फोटोत पडदा बोटाएवढा जाड दिसतो, पण स्टँडसकटची खोली बघितली तर १८ ते २२ सेंटिमीटर. माझं टेबल ४५ सेंटिमीटर खोल. उरलेल्या जागेत लॅपटॉप ठेवला की तो टेबलाच्या कडेला येतो आणि मनगटं अधांतरी राहतात. छोट्या टेबलावर जागा पडदा खात नाही, त्याचा पाय खातो. त्या दिवसापासून मी पडद्यांची यादी बाजूला ठेवली आणि पायाचं काय करता येईल ते बघायला लागले.

मधे गणपती आले, २७ ऑगस्टला. मखरासाठी आणलेला पुठ्ठा उरला होता, त्यातून तिन्ही मापांचे आयत कापले आणि टेबलामागच्या भिंतीला चिकटपट्टीने लावून बघितले. दर्शनाला आलेल्या वहिनींनी विचारलंसुद्धा, ही कसली आरास? पण हा उपाय फुकटातला आणि खात्रीचा. खुर्चीत नेहमीसारखं बसायचं आणि पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांकडे बघायचं. पडदा हाताच्या अंतरावर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटरवर असावा असं सांगतात. माझ्या टेबलावर जेमतेम ५५ मिळतात. तेवढ्यावरून सत्तावीसचे कोपरे बघायला मान फिरवावी लागत होती. ज्या दुखण्यासाठी खर्च करायचा तेच विकत घेण्यात अर्थ नव्हता.

तिढा सुटला तो पानं लावणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यामुळे. फोनवर कामाचं बोलताना मी रडगाणं गायले, तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही पानंच तपासता ना? मग पडदा उभा करा की."

पुठ्ठा फिरवला. बावीस इंची उभा केला की पट्ट्यांसकट २८ सेंटिमीटर. लॅपटॉपचे ३२ मिळवून ६०. शेजारी चहाचा कप आणि पेनांचा डबा राहील एवढी जागा चक्क उरत होती.

मग कागदावर हिशोब मांडला. २१.५ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण १०२ ठिपके (पिक्सेल) बसतात. ए४ पान २१ बाय २९.७ सेंटिमीटरचं, म्हणजे खऱ्या मापात दाखवलं तर सुमारे ८४३ बाय ११९२ ठिपके. उभ्या पडद्याची रुंदी १०८० आणि उंची १९२०. म्हणजे अख्खं पान सव्वापट मोठं करूनही रुंदीत बसतं आणि वर चारशेच्या वर ठिपके मोकळे राहतात, शब्दकोशाची खिडकी उघडी ठेवायला. लॅपटॉपवर मी पान तीन तुकड्यांत वाचत होते. हे गणित जमल्यावर इतका आनंद झाला की नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं. पहिल्यांदाही त्याला कळलं होतं.

उभा करायचा म्हटल्यावर तीन गोष्टी आवश्यक ठरल्या. पॅनेल आयपीएस हवं, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं. स्वस्तातलं टीएन पॅनेल खालून किंवा वरून बघितलं की रंग बदलतं, आणि पडदा उभा केला की तोच दोष डावीउजवीकडे येतो, एका डोळ्याला एक रंग, दुसऱ्याला दुसरा. दुसरं, मागे व्हेसाची (हे ठरलेलं प्रमाण माप) चार भोकं हवीत, ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटरची, म्हणजे मूळ पाय काढून आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला अडकवायचा दांडा, लावता येतो. कमी किमतीच्या काही मॉडेलांना ही भोकंच नसतात, आणि विक्रीच्या पानावर पाठीचा फोटो द्यायचं बरोबर विसरलेलं असतं. तिसरं, लॅपटॉपला एचडीएमआय आहे, तर मॉनिटरलाही तेच हवं. टाइप-सी असलेल्यांनी इथे थांबून लॅपटॉपची माहिती वाचावी. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र जात नाही, काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो.

१५.६ इंची पोर्टेबल मॉनिटरचा मोह बराच काळ होता. रुंदी ३५ सेंटिमीटर, वजन किलोच्या आत, पिशवीत मावणारा. पण तेवढ्याशा पडद्यावर फुल एचडी म्हणजे इंचाला १४१ ठिपके, अक्षरं मुंगीएवढी. ती मोठी केली की जागा पुन्हा कमी. शिवाय तो टेबलावरच टेकतो, म्हणजे मान खालीच. प्रवासात काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावा. १८.५ इंचीवाले स्वस्त होते, पण बहुतेक १३६६ बाय ७६८चे. त्यावर पान तपासणं म्हणजे जाळीच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र वाचणं.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि घरात, सोसायटीत, ऑफिसच्या ग्रुपवर एकच सल्ला सुरू झाला: थांब, २२ तारखेपासून सगळं स्वस्त होतंय. बातमी नीट वाचली तर टीव्ही-मॉनिटरचा दर २८वरून १८ टक्के होणार होता तो ३२ इंचांपेक्षा मोठ्यांचा. त्याहून लहानांना आधीपासून १८ टक्केच आहे. माझ्या बावीस इंचीला थांबण्याने एक रुपयाचा फरक पडणार नव्हता. तरी थांबावं लागलंच, कारण अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागला आणि सासूबाईंनी, "नवी वस्तू या दिवसांत आणू नकोस गं," एवढंच म्हटलं. बघायला हरकत नाही, यावर तडजोड झाली.

म्हणून १५ सप्टेंबरला, सोमवारी, लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या संगणकसाहित्याच्या बाजारात, गेले. डोंबिवलीहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेची स्लो पकडून ग्रँट रोड, पूर्वेला उतरून थोडं चालायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि अकराच्या आधी जाऊन उपयोग नाही. पितृपक्षाचा फायदा असा की गिऱ्हाईक नव्हतं आणि दुकानदारांना बोलायला वेळ होता. एरवी तिथे "बोला मॅडम, मॉडेल नंबर?" एवढ्यावर संभाषण संपतं.

मी पेनड्राइव्हवर माझ्याच कामातलं एक पान नेलं होतं, दहा पॉइंटात लावलेलं. दुकानातल्या पडद्यांवर रंगीत फुलपाखरं आणि समुद्र चालू असतात, त्यात सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. काळं अक्षर पांढऱ्यावर आणलं की खरं काय ते कळतं. देवनागरी वाचणाऱ्यांनी बघायच्या जागा सांगते: घ आणि ध, भ आणि म, ष आणि प. "धन" आणि "घन" शेजारी शेजारी ठेवून हात लांब करून वाचा. मग रफाराला लागून आलेला अनुस्वार, आणि "ऱ्या"मधली ती चंद्रकोर. सत्तावीस इंची फुल एचडीवर (इंचाला ८२ ठिपके) रफार आणि अनुस्वार मिळून एकच काळा डाग झाला होता. चोवीसवर डाग जरा सुटा झाला. बावीसवर दोन्ही वेगळे दिसले. पडदा लहान आणि ठिपके तेवढेच, म्हणून अक्षर रेखीव. हे चित्र बघून झाल्यावर मोठ्या पडद्याचा मोह पार गेला.

दुकानदार मात्र हटेना. "मॅडम, बावीस आता कोण घेतं? पाचशे-हजार जास्त टाका, चोवीस घेऊन जा."

मी म्हटलं, "दादा, टेबल तुम्ही देणार का मोठं?"

तो हसला आणि आतून बावीसचं खोकं काढलं. २१.५ इंची, आयपीएस, १०० हर्ट्झ, मागे ७५ची व्हेसा भोकं. विजेचा ॲडॉप्टर बाहेरचा आहे, तो स्पाइक बस्टरवर दोन पिनांची जागा अडवतो, हेही त्याने स्वतःहून सांगितलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि तुमची गरज वेगळी असेल. भाव बिलासकट ७,३०० रुपये. बिलाशिवायचा भावही त्याने कानावर घातला. तो घेतला असता तर क्लेम आणि तीन वर्षांची वॉरंटी, दोन्हींवर पाणी सोडावं लागलं असतं, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात. दुकानाच्या लेटरहेडवर कोटेशन घेतलं, त्यावर जीएसटी क्रमांक आणि "दहा दिवस लागू" असं लिहून घेतलं आणि मोकळ्या हाताने परतले.

घटस्थापना २२ला झाली आणि २४ सप्टेंबरला, बुधवारी, खरेदीला गेले. बिल करण्याआधी खोकं तिथेच उघडून मागायचं. लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि काळं, अशी पाच कोरी चित्रं पेनड्राइव्हवर न्यायची, प्रत्येक पूर्ण पडद्यावर लावायचं आणि एकही ठिपका वेगळ्या रंगाचा अडकलेला नाही ना ते कडेकडेने बघायचं. हे दुकानातच का, तर एखाददुसरा मेलेला ठिपका बऱ्याच कंपन्या वॉरंटीत दोष धरत नाहीत, आणि बिल झाल्यावर दुकान म्हणतं सर्व्हिस सेंटरला जा. पाठीवरच्या चिठ्ठीवर बीआयएसचं चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघावं. नोकराने जरा नाक मुरडलं, पण लावून दिलं.

बिलावर माझं नाव, दुकानाचा जीएसटी क्रमांक, एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूचा वर्ग-क्रमांक) ८५२८, मॉनिटरचा सीरियल नंबर आणि करांची फोड: मूळ किंमत ६,१८६.४४, केंद्राचा नऊ टक्के ५५६.७८, राज्याचा तेवढाच. सीरियल नंबर त्यांनी आपणहून टाकला नव्हता, सांगून टाकून घेतला. पुढे वॉरंटीची नोंदणी करताना आणि ऑफिसातही तोच पहिला विचारला गेला. पैसे यूपीआयने दिले.

आर्मचा शोध त्याच रस्त्यावर घेतला आणि इथे जरा थांबून वाचा. भारी दिसणारे गॅस-स्प्रिंगचे आर्म दोन सांध्यांचे असतात. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर पडदा मागे ढकलताना त्या आर्मचं कोपर भिंतीवर आपटतं. शिवाय त्यांना कमीत कमी वजन लागतं, बऱ्याचदा दोन किलो. पाय काढलेला बावीस इंची सव्वादोन-अडीच किलोचा भरतो, म्हणजे अगदी काठावर. वजन कमी पडलं तर पडदा आपोआप वर वर जात राहतो. मी साधा उभ्या नळीचा घेतला, आखूड हाताचा, उंची स्क्रूने पक्की करायची, पडदा गोल फिरतो असा. २,१५० रुपये, वेगळं बिल. फळीची जाडी आधी मोजून न्या (माझी १८ मिलिमीटरची प्लाय), आणि टेबलाच्या मागच्या कडेखाली क्लॅम्पला पकडायला चारपाच सेंटिमीटर मोकळी जागा आहे का ते हाताने चाचपून बघा. सुतार तिथे हमखास पट्टी ठोकतात. माझ्या टेबलाला फक्त डाव्या कोपऱ्यात जागा निघाली.

तीनच्या आत दादर सोडायचं असा निश्चय करून निघाले. खोकं चारएक किलोचं, हातात धरायला खाच आहे. दुकानदाराने पावसासाठी प्लास्टिक गुंडाळून दिलं. दुपारच्या लेडीज डब्यात ते दोन पायांच्या मधे उभं राहिलं. संध्याकाळी सहाला हेच करायचा विचारही करू नका, त्यापेक्षा दुकानाकडून घरपोच मागवा.

बसवायला मुलगा मदतीला होता. टेबल दोन बोटं पुढे ओढलं, क्लॅम्प मागून अडकवला, पडदा पलंगावर उताणा ठेवून पाठीला एम४चे चार स्क्रू लावले. ते आर्मच्या खोक्यात येतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन नंबरचा पडदा निवडून "पोर्ट्रेट" केलं. चित्र उलटं आलं तर "पोर्ट्रेट फ्लिप्ड". अक्षरांच्या कडा पहिल्यांदा किंचित रंगीत वाटल्या. प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवे आणि निळे भाग एरवी शेजारी शेजारी असतात, पडदा उभा केला की ते एकाखाली एक येतात. क्लिअरटाइपचा, म्हणजे विंडोजमधल्या अक्षरं रेखीव करणाऱ्या सोयीचा, ट्यूनर त्या पडद्यासाठी पुन्हा चालवला, नमुन्यांतून डोळ्याला बरे वाटतील ते निवडले, आणि फरक पडला. ब्राइटनेस कारखान्यातून भडक येतो, तो निम्म्यापेक्षा कमी केला.

उभ्या पडद्याचा त्रासही सांगायला हवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली असावी असा नियम आहे. पण उभा बावीस इंची जवळपास ४९ सेंटिमीटर उंच. तो टेबलापासून चार बोटांवर उतरवला तरी वरची कड डोळ्यांच्या वर जाते. म्हणून पान खालच्या भागात ठेवते आणि वर शब्दकोश, जिथे अधूनमधूनच बघायचं असतं. पडदा मागे जरासा कललेला आहे. वाईड एक्सेलवाल्यांनी या वाटेला जाऊ नये, आडवं सरकवून जीव जाईल. आमच्याकडे २८ सप्टेंबरला आशिया कपची फायनल याच पडद्यावर बघितली गेली, अर्थात आडवा करून, आणि भारत जिंकल्याच्या गडबडीत रात्री तो तसाच राहिला.

क्लेम २९ला टाकला. पोर्टल फक्त पीडीएफ घेतं, एका फाइलला मर्यादा, म्हणून दोन्ही बिलं आणि यूपीआयच्या पावत्या वेगवेगळ्या चढवल्या. दसऱ्यानंतर लेखा विभागाचा प्रश्न आला: आर्म हे संगणकाचं साहित्य की फर्निचर? मी फोटो पाठवला, व्हेसाबद्दल चार ओळी लिहिल्या. उत्तर आलं, फर्निचर, या योजनेत बसत नाही. मॉनिटरचे ७,३०० ऑक्टोबरच्या पगारात जमा झाले आणि आर्मचे २,१५० माझ्या खिशातून गेले. तुमच्या ऑफिसात अशी योजना असेल तर आर्मबद्दल आधीच मेल करून विचारा, किंवा उभा फिरणारा स्टँड मुळातच सोबत येतो असं मॉडेल बघा. महाग पडतं, पण एकाच बिलात बसतं.

मूळ पाय आणि थर्माकोलसकट खोकं माळ्यावर ठेवलंय. वॉरंटी सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायची आहे, आणि थर्माकोलशिवाय पडदा लोकलने न्यायची माझी हिंमत नाही. घराचा करार मे महिन्यात संपतो. क्लॅम्प सोडवायला लागणारी ॲलन की आर्मच्या नळीलाच चिकटपट्टीने लावून ठेवली आहे.